सत्तूताची ओळ

इन्शिराहनं पन्नाशी उलटल्यावर एम.ए.चं खूळ घेतलं म्हणून इजिप्तमधल्या सोहाग शहरातल्या तिच्या शेजारणी हसल्या. हसू देत. मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवायची आणि कॉपी करणाऱ्या पोरींचे कागद भर वर्गात टराटरा फाडायची. असल्या बाईनं दुसऱ्याचा शब्द उचलणं शक्यच नव्हतं. घोळ झाला तो नेमका त्यामुळेच.

प्रबंध होता बायकांच्या शोकगीतांवर, आणि गीतं होती सत्तूतामावशीची. मयताच्या घरी मावशीला हमखास बोलावणं यायचं. ती तिथल्या तिथे शब्द जुळवायची आणि बायकांना मोकळं रडवायची. इन्शिराहची आई गेली त्या दिवशी सकाळीच आईनं आंबवलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापून, तिकडच्या रीतीनं भाजण्याआधी गच्चीवर उन्हात फुगायला ठेवल्या होत्या. मावशीनं त्या पाहिल्या आणि टाहो फोडला, "भाकऱ्या फुगून वर आल्या गं बहिणी, तू कशी अजून निजलेली?"

इन्शिराहचा सगळा प्रबंध या एका ओळीभोवती उभा होता.

मार्गदर्शक डॉक्टर रिफअतनी तो संगणकावर तपासायला घातला, आणि तीच ओळ लाल होऊन आली. कैरोच्या एका प्राध्यापकांच्या पुस्तकात ती आधीच छापलेली होती. खाली लिहिलं होतं, 'लोकगीत, रचणारा अज्ञात.'

"पण डॉक्टर, ही माझ्या मावशीची ओळ. माझ्या आईसाठी केलेली!"

"असेल हो. पण छापली त्यांनी. पुस्तकाचं नाव तळटीपेत घाला, नाही तर ओळ काढा. उद्या परीक्षक चोरी म्हणाले तर मी मध्ये पडणार नाही."

मावशीचं नाव शेजारी लिहिता आलं असतं. एका वाक्याचं तर काम! पण 'चोरी' शब्द ऐकला आणि इन्शिराहला वर्गात फाडलेले ते कागद आठवले. तिनं पुस्तकाचं नाव घातलं, पान घातलं आणि सुटले म्हणाली.

तोंडी परीक्षेला रीतीप्रमाणे सगळं घर सभागृहात हजर. मावशी पहिल्या रांगेत, मांडीवर बिस्किटांचा डबा. निकाल लागला की, बायका लग्नात जीभ हलवून मारतात तशी आनंदाची किलकारी तीच मारणार होती.

"हे काळे डगलेवाले तिघं कोण गं?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"परीक्षक. मावशी, हळू बोल."

"का? कोण मेलंय?"

मागच्या रांगा खुसखुसल्या.

मग एका परीक्षकानं भाकऱ्यांची ओळ वाचून दाखवली. "सुरेख! कुठे मिळाली?"

मावशीनं शाल सावरली, ताठ बसली. इन्शिराहला ते दिसलं. तरी तिनं पुस्तकाचं नाव सांगितलं, पानासकट.

"आणि रचणारा?"

अजूनही वेळ होती.

"अज्ञात," इन्शिराह म्हणाली.

उत्तम श्रेणी मिळाली. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं, पण मावशी डब्याचं झाकण घट्ट बसवत होती. शेवटी किलकारी दुसऱ्याच कुणी तरी मारली.

घरी जाताना मावशीनं विचारलं, "ते पुस्तक लिहिणारा तो चष्मेवाला ना, मागे माझी गाणी घ्यायला टेप घेऊन आलेला? चहावर चहा ढोसला होता मेल्यानं."

"तोच."

"त्याला नाव सांगितलं होतं मी. विसरला असेल, परका माणूस." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "तू कशी गं विसरलीस?"

दुसऱ्या दिवशी इन्शिराह विद्यापीठात धावली. मंजूर प्रबंधात आता एक अक्षरही बदलता येणार नाही, असं कारकुनानं सांगितलं. तिनं हुज्जत घातली, मग विनवण्या केल्या. प्रबंध कपाटात गेला तो गेलाच.

हिवाळ्यात शेजारचे म्हातारे गेले. बायका जमल्या आणि मावशीच्या तोंडाकडे बघत बसल्या.

इन्शिराह तिच्याजवळ सरकली. "म्हण ना गं मावशी. सगळ्या थांबल्यात."

"पुस्तकात बघ," मावशी म्हणाली, आणि शेजारच्या बाईला पाण्याचा पेला दिला.