तबकडीवरची दहा मिनिटं

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात हसलोय. 'बंद खोलीत कुणीतरी खोकलं' वगैरे वाचलं की म्हणायचो, शेजारी खोकला असेल. मांजर आडवं गेलं तर मी थांबतो, पण ते मांजर पायाखाली येऊ नये म्हणून... इतपतच माझी श्रद्धा. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय, तर हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. मी जळगावात मेहरूणला राहायचो आणि एका दूधवाहतूकदाराच्या ऑफिसात कारकून होतो. शेठचे दोन टँकर रोज सकाळी धुळ्याहून दूध भरून निघायचे, पारोळा-एरंडोल-पाळधी करत जळगावला यायचे. वाटेत ड्रायव्हर दूध काढून पाणी टाकतात, हा शेठचा कायमचा संशय. म्हणून त्यांनी दोन्ही गाड्यांना टॅकोग्राफ बसवून घेतले. स्पीडोमीटरच्या मागे एक पुरीएवढी मेणकागदाची तबकडी; ती चोवीस तासांत एक फेरा फिरते आणि सुई तिच्यावर वेगाची रेघ ओरखडते. गाडी पळाली की रेघ वर, थांबली की तळाला. यंत्राला कुलूप. किल्ली एकच, माझ्याकडे.

दुपारी मी दोन्ही गाड्यांच्या तबकड्या एकमेकींवर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचो आणि भिंगातून बघायचो. एक ड्रायव्हर भिका नाना, पंचावन्नचे. त्यांची रेघ संथ — चढावर जरा वाकणार, उतारावर सावकाश सावरणार, ब्रेकचा झटका म्हणून नाही. दुसरा प्रकाश, माझा शालक, मीच तिथं चिकटवलेला. त्याची रेघ म्हणजे करवत. दाबला अ‍ॅक्सिलरेटर, मारला ब्रेक.

"बघ जरा नानांची रेघ," मी त्याला म्हणायचो.

"दाजी, तुमची स्कूटर परवा गटारात गेली. तिची रेघ कशी आली असती?"

खरं होतं. पण काचेसमोर उभा राहिलो की मला सगळं ड्रायव्हिंग यायचं.

नानांच्या तबकडीत मला एकच खोट सापडली. रोज, एरंडोल आणि पाळधीच्या मध्ये, दहा मिनिटं रेघ तळाला. प्रकाशची तिथं कधीच थांबत नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, तरी मी दोन्ही तबकड्या शेठच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. शेठनी नानांना बोलावलं.

"तठे येवावर छातीमा भरी येस, शेठ," नाना म्हणाले. "निंबखाले दहा मिनिट बसस. मंग गाडी हाकस."

"प्रकाशला नाही लागत थांबायला," मी मधेच बोललो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "कागदवर गाडी हुभी दिखस, भाऊ. मानूस नही दिखस."

शेठ म्हणाले, दवाखाना करायचा तर घरी बसून करा. दुसऱ्या दिवसापासून ती दहा मिनिटं गेली. मी तबकडीच्या मागे लाल शाईनं 'सुधारणा' असं लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

बाराव्या दिवशी टँकर आला नाही. गाडी त्याच निंबाखाली मिळाली, रस्त्याच्या कडेला व्यवस्थित घेतलेली, इंजिन चालू. नाना स्टिअरिंगवर डोकं टेकून गेले होते. तबकडी मीच काढली. रेघ कुठंही झटका न घेता सावकाश खाली उतरली होती, आणि मग तळालाच.

नानांच्या गाडीवर प्रकाशला बसवलं. पहिल्याच दिवशी मी तबकडी काचेला लावली... एरंडोल-पाळधीच्या मध्ये दहा मिनिटं तळाला.

"का थांबलास?"

"कुठं थांबलो?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मेकॅनिकनं यंत्र उघडून पाहिलं, सुई ठीक, घड्याळ ठीक. शेठ म्हणाले, "महाजन, तुमचा साला दूध काढतोय." प्रकाशच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि दूधचोर म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला आमच्याकडे बैलगाडीसुद्धा कुणी देत नाही.

"उद्या तुम्हीच त्याच्याबरोबर बसा," शेठनी मला सांगितलं.

बसलो. पहाटेच्या एसटीनं धुळ्याला जाऊन, नवी तबकडी माझ्या हातानं घालून, कुलूप लावून. नऊला निघालो. ऊन स्वच्छ होतं, कपाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेली. प्रकाशच्या ब्रेकांनी माझं कपाळ दोनदा पुढच्या काचेला लागलं. एरंडोल गेलं. निंब दिसला तसा मी मनगटावरच्या घड्याळावर डोळा ठेवला. निंब आला... आणि मागे गेला. प्रकाशनं वेग कमीसुद्धा केला नाही.

"पाहिलं ना, दाजी?"

"पाहिलं."

"मग सांगा शेठला."

सव्वाअकराला जळगावात शिरलो. आवारात शेठ उभेच होते. मी कुलूप उघडलं, तबकडी काढली, उन्हात धरली. दहा मिनिटं तळाला. आणि त्यापुढे, निंबापासून जळगावपर्यंत, एकही दाता नाही. संथ रेघ, चढावर जरा वाकलेली, उतारावर सावरलेली. माझ्या कपाळाला टेंगूळ होतं आणि कागद म्हणत होता की गाडीला झटका बसलाच नाही. बरं, दहा मिनिटं उभी होती तर आम्ही वेळेवर पोहोचलो कसे? किलोमीटर तर पूर्ण पडले होते. मी तो हिशेब तिथल्या तिथं दोनदा केला.

शेठनी तबकडी माझ्या हातातून घेतली. भिंग लागलंच नाही, एवढी ती स्पष्ट होती.

"महाजन, तुम्ही गाडीत होता. थांबली की नाही?"

प्रकाश माझ्याकडे बघत होता. 'नाही' म्हणालो तर मी चोराचा भागीदार, नाहीतर वेडा. आणि कागद खोटं बोलतो हे एकदा कबूल केलं, तर नानांना कशाच्या जोरावर बोललो होतो?

मी म्हणालो, "थांबली."

प्रकाशनं गाडीची चावी बॉनेटवर ठेवली, सीटवरचा नॅपकिन घेतला, हात पुसले. माझ्या जवळून जाताना एवढंच म्हणाला, "अक्काला मी काही सांगणार नाही."

त्यानं खरंच सांगितलं नाही. जळगाव-धुळ्यात त्याला कुणी गाडी दिली नाही. सुरतेला जाऊन हमाली केली, बायको माहेरी गेली ती गेली. माझ्या घरच्या लग्नकार्याला तो येतो, जेवणाच्या आधी निघतो.

ते यंत्र पुढे दुसऱ्या ड्रायव्हरांच्या हाताखाली कित्येक महिने चाललं. ती दहा मिनिटं पुन्हा कुणाच्याच तबकडीवर आली नाहीत. ती कुठून आली, आणि नेमकी प्रकाशच्याच वाट्याला का आली, मला आजही सांगता येत नाही. कुणाला यंत्रातलं कळत असेल तर जरूर लिहावं.

सौ. मात्र अजून म्हणते, "माझ्या भावानं तुम्हाला मान खाली घालायला लावली." मी दरवेळी म्हणतो, जाऊ दे, झालं गेलं. हा अंक घरी आला की आधी तीच उघडते.