तिमोरची निवडणूक, मुक्काम रेडमंड

जगात कुठेही निवडणूक असो, ती शेजारच्या निखिलच्या बाबांच्या देखरेखीशिवाय धड पार पडूच शकत नाही, याबद्दल निदान त्यांच्या स्वतःच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नागपूरला सरकारी नोकरीत जन्मभर मतदान केंद्रं सांभाळलेला हा माणूस रिटायर होऊन मुलाकडे अमेरिकेत रेडमंडला आला आणि हिवाळाभर नुसता पाऊस बघून पार कावला. मग त्यांना पूर्व तिमोर सापडलं. अर्ध्या बेटाएवढा नवाकोरा देश, स्वतंत्र झाल्यावरची पार्लमेंटची पहिलीच निवडणूक, आणि तिकडे अनुभवी माणूस कुणी नाही, असं काकांचं ठाम मत. त्यांनी बसल्या जागी इंटरनेटवरून चार्ज घेतला.

मी मीटिंगमध्ये असलो तरी त्यांचा फोन यायचा. "तिमोरात डोंगरातल्या गावांत मतपेट्या घोड्यावरून नेऊन राहिले. बरोबर करून राहिले."

"काका, आज आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे."

"ते पुढच्या आठवड्यात करता येते रे. मतदान पुढे ढकलता येत नाही."

हुरूप असा चढला की त्यांनी आमच्या इथल्या मराठी मंडळालाही सोडलं नाही. आमच्याकडे पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, जो सगळ्यांत उशिरा येईल तो अध्यक्ष, अशी सुटसुटीत पद्धत होती. काकांनी बुटांच्या खोक्याची पेटी केली, पडद्याआड मतदान घेतलं आणि शाई म्हणून प्रत्येकाच्या नखावर परमनंट मार्कर ओढला. तो आठवडाभर निघाला नाही. मॅनेजरनं विचारलं, बोट दारात चेमटलं का? खरं समजावण्यापेक्षा मी हो म्हणालो.

तिमोरच्या मतदानाच्या दिवशी मी वर्क फ्रॉम होम घेऊन त्यांच्याकडे बसलो. स्क्रीनवर एका म्हातारीचा फोटो होता. बोटाला शाई, चेहऱ्यावर सणाचा आनंद. काका खुर्ची पुढे ओढून तो बघत राहिले. मी सहज विचारलं, "तुम्ही पहिलं मत कधी दिलंत?"

"दिलंच नाही. दर वेळी ड्युटी परगावी. पोस्टानं देता यायचं, पण लोकांची व्यवस्था लावता लावता माझं राहूनच जायचं. रिटायर झालो, तर इकडे आलो."

मला फार वाईट वाटलं.

निखिल तेव्हा काकांना कायमचं इथेच ठेवायला त्यांच्या ग्रीन कार्डच्या मागे होता. त्यांनी नको म्हटल्यावर घरात बरेच दिवस अबोला झाला. पण दोनेक वर्षांनी, आपल्याकडची लोकसभेची निवडणूक जवळ आल्यावर, काका नागपूरला निघाले ते कायमचेच.

"बाबा, एका मतासाठी?" विमानतळावर निखिलनं विचारलं.

"जन्मभर लोकांच्या रांगा लावल्या रे. एकदा मला त्या रांगेत उभं राहायचं आहे."

आत सिक्युरिटीपाशी ते पुढच्या दोन गोऱ्यांना सरळ उभं राहायला सांगताना दिसले. निखिल रडता रडता हसला. मला मात्र तो माणूस जायलाच नको होता.