घरच्या शेवेला लेबल नसतं

"पुढचं चित्र नका बघू, मागचं वाचा," असं म्हणत काका पुडा आधी उलटा करायचे आणि मगच हातात द्यायचे. बाळापुरात त्यांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाइकाला माल घेऊ नको म्हणणारा दुकानदार तुम्ही पाहिलाय का? मी पाहिला.

त्यांना एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी चरबी कमी करा म्हणून बजावलं, तेव्हापासून ते भिंग घेऊन पुडे वाचत बसायचे. मी चौथी शिकलेली. मलाही पुड्यामागचं वाचायला त्यांनीच शिकवलं.

"फॅट किती लिवलंय?"

"वीस."

"कितीत?"

"पुड्यात."

"न्हाई! शंभर ग्रॅममदी. अन् पुडा हाय दोनशेचा. मंग किती झालं?"

"चाळीस."

"आता बराबर. अन् ते ट्रान्स फॅट लई खराब, ध्यानात ठेव पोरी."

आतून काकू ओरडायच्या, "असंच शिकवा! समदं गिऱ्हाईक पळवून लावा!"

"पळू दे. जितं तर ऱ्हाईल!"

त्यांच्या दुकानातली सुटी शेव मी करून द्यायचे. खुसखुशीत व्हावी म्हणून पिठात वनस्पती तुपाचं मोहन घालायचे, तेही सढळ हातानं. रोज चहाबरोबर काका बरणीतली मूठभर शेव खायचे. कधी दोन मुठी.

"काका, ती शेव..." एकदा मी कसंबसं म्हटलं.

"एक नंबर! घरची हाय पोरी, हिला कशाला लेबल? भेव पुड्यातल्याचं."

तुपाच्या डब्यामागं ट्रान्स फॅट किती लिहिलंय, ते मी घरी वाचलं होतं. त्यांनी शिकवलं तसंच. पण त्यांनी कौतुक केलं आणि मी रिकामा डबा उचलून घरी आले. उद्या सांगू, म्हटलं. असे पुष्कळ उद्या गेले.

दिवाळीच्या आधी दुसरा झटका आला. नांदेडला नेईपर्यंत काका गेले. शेवेनं गेले असं कुणीच म्हणालं नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी काकू आल्या. काकांच्या आवडीची शेव ताटात पाहिजे म्हणाल्या. मोहन घालताना माझा हात थांबला. मग नेहमीएवढंच घातलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी फोटोपुढच्या ताटात शेव वाढली. आता तरी सांगायचंच, असं ठरवून मी जवळ गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"बाहेरचं समदं सोडलं व्हतं त्यायनं. शेवटपर्यंत तुझ्याच हातचं खाल्लं. तेवढंच समाधान बघ मला."

"व्हय काकू," मी म्हणाले आणि मागं बायकांत जाऊन बसले.