पखवाजाचा टाळ

आमच्या सुदुंबऱ्यात टाळ-झांजांचं पोतं एकाच माणसाकडे असतं. प्रत्येक जोड कानाशी वाजवूनच तो हातात देतो. "ढोलाला रुंद झांज, पखवाजाला जाड टाळ. ढोलापुढं टाळ बडवला तर तडकतो, भाऊ." तरी जत्रेत झांजा संपल्यावर मी टाळच बडवला आणि तडकल्यावर गुपचूप पोत्यात ठेवला.

पुढच्या भजनाला त्याने तो जोड कानाशी नेला. "ह्यो ढोलापुढं गेलता," एवढंच म्हणाला. मला चांगला जोड देऊन तडकलेला त्याने स्वतः घेतला आणि भजनभर दाबून वाजवला. माझ्या हातातला टाळ खणखणत होता, आणि मला वर बघवेना.

तो पोतं बांधत असताना मी म्हणालो, "मीच तडकवला."

"व्हय, ठाव हाय. तुमचा हात जड हाय. पुढल्या जत्रंला पयली झांज तुमाला."