फिटिंगमावशीचं माप

माणसाच्या अंगाबद्दल खरं बोलायचं नाही, हा फिटिंगमावशीचा धंद्यातला पहिला नियम. कुणी सुटलेलं पोट आत ओढून, श्वास रोखून समोर उभं राहिलं, की त्याच्या कमरेभोवती टेप फिरवत ती म्हणायची, "धुण्यात कापड आटलंय हो. आजकालच्या कापडात दमच नाही." आजारातून उठून कुणी कोट आत घ्यायला आणला, की म्हणायची, "कापड सैल पडलंय. वापरून वापरून पडतंच." सगळ्या गल्लीचा लठ्ठपणा आणि रोडपणा बिचाऱ्या कापडाने मुकाट्याने आपल्या अंगावर घेतला. गिऱ्हाईक खुशीत बाहेर पडायचं.

नवं काही तिने फारसं शिवलं नाही. शिवलेलं उसवायचं, आत घ्यायचं, सैल करायचं, चेन बदलायची, पँट आखूड करायची, हेच तिचं काम; म्हणून तर गल्लीने तिला फिटिंगमावशी केलं. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, इस्त्रीचं टेबल, हँगरचा दांडा आणि दाराशी उभा आरसा. नवरा लवकर गेला. त्या एका खोलीच्या जिवावर तिने मुलगा वाढवला, शिकवला, त्याचं लग्न लावलं. एरवी बाई फटकळ, कुणाच्या बापाला ऐकायची नाही. टेप हातात आली, की मात्र जिभेवर साखर यायची.

हल्ली ती टेप हँगरच्या दांड्याला लटकलेली असते. पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमोचे दोन कोर्स झाले आणि गाठ पुन्हा आली. मोठ्या डॉक्टरांनी मायलेकांना समोर बसवून सांगितलं, "आणखी एक कोर्स देता येईल. काही महिने मिळतील, कदाचित नाहीही मिळणार. त्रास आधीपेक्षा जास्त होईल. घरी बोला आणि ठरवा." मुलगा तिथंच "ठरलंय" म्हणाला आणि सोमवारची तारीख घेऊन मोकळा झाला. घरी बोलणं काही झालं नाही.

मावशीला तो कोर्स नको होता. मागच्या वेळी बोटं अशी बधिर झाली होती, की सुई धरलेली कळायची नाही. पाणीसुद्धा गंजक्या लोखंडासारखं लागायचं. उरलेले दिवस थोडे असोत की फार, सुई कळणाऱ्या बोटांनी जावेत, एवढीच तिची इच्छा होती. पण मुलगा उत्साहाने दारात शिरला, की ती दुसराच विषय काढायची. आणि त्याचा उत्साह तर रोज वाढतच होता.

शनिवारी दुपारी तो टी-शर्ट घेऊन आला. ज्याला कुणी हरवू शकत नाही त्याला इंग्रजीत काय काय म्हणतात, ते त्याने मोबाईलवर शोधून काढलं होतं, आणि घरातल्या एकेकाच्या छातीवर एकेक शब्द छापून आणला होता. बायकोला 'अनस्टॉपेबल', आत्याला 'इन्डॉमिटेबल', आईला सगळ्यांत मोठ्या अक्षरांत 'इन्व्हिन्सिबल'. स्वतःचा 'अनबीटेबल' तो अंगात घालूनच आला होता. सोमवारी सगळ्यांनी घालायचे आणि हॉस्पिटलच्या दारात फोटो काढायचा.

आत्या म्हणजे मावशीची नणंद. भावजयीच्या मदतीला ती येऊन राहिली होती. तिने अक्षरं जुळवून पाहिली आणि नाद सोडला. "काय रे हे? दातांच्या औषधाचं नाव वाटतंय."

"आत्या, म्हणजे जिला कुणी हरवू शकत नाही अशी."

"मग मला कशाला? मी मागच्या आठवड्यात बाजारातच हरवले होते."

सगळे हसले. मावशीही हसली.

"वहिनी, तुमचा घालून तर बघा," आत्या म्हणाली.

मावशी टी-शर्ट घालून आरशासमोर उभी राहिली. मुलाने साईझ आठवणीतून घेतला होता, आणि त्याच्या आठवणीतली आई आजारी नव्हती. खांद्याची शिवण कोपराकडे उतरली होती. शब्दाची पहिली अक्षरं एका बगलेत, शेवटची दुसऱ्या बगलेत, आणि मधे नुसती चुणी. आत्या चहा ठेवायला म्हणून उठली.

"थोडा मोठा झाला," मुलगा म्हणाला. "आत घे ना. हे तर तुझ्या हातचा मळ."

"मापाशिवाय आत कसा घेणार? टेप काढ. घे माझं माप."

हे तिने ठरवून केलं नव्हतं. सवयीने तोंडून निघून गेलं. मुलाने टेप काढली. जन्मभर पाहिलेली ती टेप त्याने कधी हातात धरली नव्हती. त्याने ती आईच्या छातीभोवती गुंडाळली. काहीतरी चुकलं असं वाटून सोडली आणि पुन्हा गुंडाळली. कापडाखाली त्याच्या बोटांना बरगड्या लागल्या. आकडा त्याने वाचला.

"सांग की."

तोही याच खोलीत वाढला होता. "कापडच सैल पडलंय, आई," तो म्हणाला.

मावशीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. मान डोलावणं किती सोपं होतं. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाने तेच केलं होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "कापड नवंकोरं आहे. लेबलसुद्धा निघालं नाही अजून. कापडाची काही चूक नाही."

तो टेप बोटाभोवती गुंडाळू लागला.

"बाजू आत घेतल्या, तर तुझा शब्द शिवणीत जाईल. तो राहू दे. सोमवारी मला जायचं नाही. मला तो कोर्स नको."

"आई, असं हरून कसं…"

"मी दमलेय. मला इथं बसायचंय. कुणाच्या चार पँटी आणून दे, आखूड करते. बोटं चालताहेत तोवर."

"आणि मी काय करू?"

मावशी वळली आणि तिने त्याला नीट पाहिलं. आईसाठी टी-शर्ट मोठा आणला होता, स्वतःला मात्र लहान. खांद्यावर ताणलेला, काखेत रुतलेला. आल्यापासून तिला दिसत होतं, पण नियमाप्रमाणे ती काही बोलली नव्हती.

"तू आधी तो काढ," ती म्हणाली. "मघापासून बघतेय, काचतोय तुला."

त्याने हात वर केले. टी-शर्ट डोक्यात अडकला, आणि तोंड झाकलेलं असतानाच तो रडायला लागला. मावशीने दोन्ही बाह्या धरल्या आणि तो लहान असताना काढायची तसा टी-शर्ट हलकेच ओढून काढला.