आधी गाणं बंद पडलं पाहिजे

“सही करा ना मॅडम, डिलिव्हरीचा टाइम होऊन राहिला,” पाठक सर म्हणाले.

“नाही करत.”

“काहून?”

“कारण ही गाडी रस्त्यात नुसती उभी राहिली, तरी मागच्या सीटवरच्या बाईचा श्वास अडकू शकते. अशा कामावर मी सही करत नसते.”

पाठक सर आमचे सेल्स मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण ‘नाही’ हा शब्द त्यांना पचत नाही. नागपुरात प्रताप नगरकडच्या एका कार शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. गाडी कंपनीतून येते तेव्हा तिच्यात जे नसतं आणि गिऱ्हाइकाला जे पाहिजे असतं, ते बसवायचं माझं काम. हॉर्न, कॅमेरे, लाइट, अ‍ॅम्प्लिफायर. एकाने तर गाडीत फ्रिज मागितला होता. मागणाऱ्याचं काय जाते? वायर ओढायची मला असते, आणि जळली तर वासही मलाच येतो.

ही गाडी होती खापा गावातल्या प्रमोदभाऊंची. त्यांचं कापडाचं दुकान. आई यमुनाबाई, फुप्फुसं कमजोर झालेली, नाकात नळी. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारी मशीन घरी प्लगवर चालते. डॉक्टरांना दाखवायला यापुढे दर वेळी नागपूरला यायचं, म्हणून ती गाडीत चालली पाहिजे. त्यासाठी इन्व्हर्टर, म्हणजे गाडीच्या बॅटरीचा करंट घरच्या करंटसारखा करून देणारा डबा. इथपर्यंत ठीक.

पण यादीत पुढे मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरही होते. मला वाटलं, हा लेकाचा शौक. मी प्रमोदभाऊंवर चिडलेच. “भाऊ, आई ऑक्सिजनवर आणि तुम्हाला धडधड पाहिजे?”

“माह्यासाठी नाई हो मॅडम,” ते ओशाळून म्हणाले. “आईसाठी. ते गाणारी होती ना.”

यमुनाबाई जन्मभर गायल्या. जयंतीच्या कार्यक्रमांत, गावोगावच्या मंडपांत. आता गाता येत नाही, म्हणून ऐकतात. कान थोडे कमी झालेले, त्यात मशीनची घरघर. गाडीचे साधे स्पीकर त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत.

आमच्या पोरांनी पाठक सरांच्या घाईपायी सगळं एकाच बॅटरीवर चढवून ठेवलं होतं आणि मला फक्त सहीला बोलावलं होतं. मी बोनेट उघडून पाहिलं आणि डोस्कंच सरकलं.

गाडीत वीज तयार करतो अल्टरनेटर. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी पळते तेव्हा भरपूर वीज देतो. गाडी उभी राहून नुसती गुरगुरते तेव्हा अर्धीमुर्धी. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी उभी असली की एसी काही बंद होत नाही, उलट जास्तच जोर करतो. म्हणजे खर्च वाढते तेव्हाच कमाई घटते.

“मग मोठी बॅटरी टाकून देऊ,” पाठक सर म्हणाले. हे औषध ते सगळ्या रोगांवर देतात.

“रांजण मोठा आणला म्हणून नळाला पाणी वाढते का सर? रिकामा व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, बस.”

“मॅडम, तुम्ही भल्ल्याच घाबरता. सगळीकडे असंच लावून देतात.”

“देऊ द्या. त्यांच्या गाडीत यमुनाबाई बसत नाहीत.”

“मी दुसऱ्याकडून सही घेतो मग.”

“घ्या. पण आधी एकदा माझ्यासमोर चालवून दाखवा. टिकलं, तर मीच सही करते. वरून माफी मागते.”

हे त्यांना पटलं. ते स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ऊन असं होतं की बोनेटवर हात ठेवता येत नव्हता. गाडी शेडबाहेर उभी, इंजिन चालू, एसी फुल, हेडलाइट चालू, मागच्या सीटवर मशीन चालू. मशीनची नळी कोणाच्याच नाकात नाही. यमुनाबाईंना त्यांनी सोबत आणलेल्या छोट्या सिलिंडरवर आम्ही वेटिंग रूममध्ये बसवलं होतं. पण त्या ऐकतात थोडीच? लेकाला सिलिंडर धरायला लावून बाहेर आल्या आणि सावलीत खुर्ची टाकून बसल्या. मग गाणं लावलं. ढोलकी अशी घुमली की शेजारच्या पंक्चरवाल्याने मान डोलावली.

“पाहा, चालून राहिलं ना सगळं!” पाठक सर काच खाली करून ओरडले.

मी क्लॅम्प मीटर लावला. हा वायरीला चिमट्यासारखा धरायचा, आतून किती करंट चालला ते दाखवतो. बॅटरीत काहीच भरत नव्हतं, बॅटरीतून निघतच होतं. मी म्हटलं, थांबा.

थांबलो. उसाचा रस मागवला. रस पिऊन झाला आणि इन्व्हर्टर बीप करायला लागला. बीप, बीप, आणि बंद. मशीनने एक लांब किंकाळी मारली आणि तीही बंद.

गाणं मात्र चालूच होतं. अ‍ॅम्प्लिफायर कमी व्होल्टेजवरही रेटत राहतो, इन्व्हर्टर आधी मान टाकतो. मशीन मेलेली आणि कोरस रंगात आलेला. प्रमोदभाऊंनी खिडकीतून हात घालून गाणं बंद केलं.

“काढा ते अ‍ॅम्प्लिफायर,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काढा.”

“काहून काढता?” खुर्चीतून आवाज आला. “मले कोणी इचारलं का?”

“आई, तू चूप बस ना वं.”

“जन्मभर चूप नाई बसली, आता बसू?” दम घेत घेत, पण ठणकावून. “हे नळी लागली तवापासून उंबरठा नाई ओलांडला म्या. आता निघाली, तं मशीनचा कल्ला आयकत जाऊ? थो तं मी घरीच आयकून राहिली. गाणं काढसान तं मी गाडीत बसत नाई. डाक्टरले इथंच बोलवा.”

पाठक सर पुढे झाले. “आजी, जान है तो जहान है.”

“आन् जहानात काय हाय गा? तुमचं शोरूम?”

मला हसू फुटलं. खरं सांगते, तोवर मीही तेच म्हणणार होते, की गाणं काढून टाका. सोपा उपाय. पण ह्या बाईने नळी लावून जी हुज्जत घातली, त्यावर सोपा उपाय सांगायची मला लाज वाटली. आणि गाण्याचा गुन्हा तरी काय होता? क्रम उलटा होता. श्वास आधी बंद पडला, गाणं मागून.

उन्हाळ्यातलं भारनियमन आपल्याला काही नवीन नाही. वीज कमी पडली की कोणाची तरी तोडतात. दवाखान्याची नाही तोडत, आपली तोडतात आणि आपण घामाघूम होऊन शिव्या देतो. गाडीतही तेच करायचं होतं.

“गाणं निघणार नाही,” मी म्हटलं. “पण आधी ते बंद पडेल. मशीनसाठी वेगळी बॅटरी, तिला हात लावायचा नाही कोणी. गाडी चालू असली की ती भरत राहील. गाण्याच्या वायरीत मी एक स्विच टाकते. मेन बॅटरी खाली यायला लागली की तो आपोआप गाणं तोडेल. मशीनला पत्ताही लागणार नाही.”

“सामान बाहेरून मागवावं लागेल,” पाठक सर कळवळले. “आज गाडी देतो म्हणून शब्द दिला मी.”

“शब्द तुम्ही दिला आणि सही माझी मागता?”

“आम्ही थांबतो,” यमुनाबाई म्हणाल्या. “मले कोठी लगनाले जायचं हाय?”

सामान आलं. ह्या वेळी एकेक वायर मी स्वतः ओढली. पुन्हा तेच ऊन, तीच जागा, तोच एसी, तीच ढोलकी. पाठक सर पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर. बऱ्याच वेळाने ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाणं मधेच तुटलं. मागच्या सीटवर मशीन घरघरत राहिली. तिची घरघर इतकी गोड कधी लागली नव्हती. मी तिथेच बोनेटवर कागद ठेवून सही केली. वर प्रमोदभाऊंना बजावलं, भरलेला सिलिंडर गाडीत पाहिजे म्हणजे पाहिजे. मशीनचा भरवसा मीही धरत नाही.

उन्हाळा संपायच्या आत शोरूमवर कंप्लेंट आली. पाठक सर कागद घेऊन माझ्याकडे.

“मॅडम, खाप्याची पार्टी. ‘गाणं मधातच बंद पडते.’ काय लिहून क्लोज करू?”

“कुठे बंद पडलं?”

सावनेर रोडवर कोळशाचा ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, डोक्यावर ऊन. गाडी तिथे खूप वेळ अडकली, गाणं तुटलं, पण आईची मशीन एकदाही थांबली नाही, असं प्रमोदभाऊंनीच सांगितलं म्हणे.

“लिहा, बरोबर चालून राहिलं,” मी म्हटलं. “दुरुस्ती होणार नाही.”

गाडीत काय बसवायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. आधी काय बंद पडायचं ते आपण ठरवलं नाही, तर बॅटरी ठरवते. आणि बॅटरीला माणूस कळत नाही. एवढंच मी ह्या नोकरीत शिकले.

तरी मी यमुनाबाईंना फोन केला. म्हटलं, शिव्या खाऊन घेऊ.

“आजी, तुमचं गाणं मीच बंद पाडलं. रागावल्या का?”

“रागावू नाई तं काय? ऐन दुसऱ्या कडव्यात तोडलं माय!”

“मग काय केलं तुम्ही?”

“काय करू?” मशीनची घरघर फोनमधून ऐकू येत होती. “उरलेलं मीच म्हटलं. दम घेत घेत, पण पुरं केलं.”