देवळात टाकलेली चिठ्ठी

वसुधा गेल्याचं मला कामथडीच्या थांब्यावर कळलं. पिशवीत आंबेमोहोराच्या मऊ भाताचा डबा होता. दवाखान्यातलं जेवण तिला नकोसं झालं होतं आणि 'तू आणलास तरच चार घास खाईन' असा हट्ट तिने आदल्या दिवशी फोनवर केला होता. पुण्याची एसटी लांबून दिसत होती, तेवढ्यात तिच्या भावाचा फोन आला. एवढंच म्हणाला, "आता घाई करू नका..." एसटी आली, थांबली, कंडक्टरने दोनदा विचारलं आणि ती निघूनही गेली. आज इतके आठवडे झाले, पण ते 'घाई करू नका' माझ्या कानातून जात नाही.

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी भोरला शाळेत मास्तरीण झाले आणि तिथेच म्हातारी झाले. ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत गेली. गरिबी, आरोग्य, मुलींचं शिक्षण हे तिचे विषय. मी तिला चिडवायची, "तुम्ही लोक गरिबी मोजता, हटवत कुणीच नाही." ती रागवायची नाही. म्हणायची, "आधी कुठे दुखतंय ते कळायला नको का? नाहीतर डोक्याच्या दुखण्याला पायावर लेप." तिचं हे म्हणणं खरं होतं, आणि तिने मोजमाप कधी हलक्या हातानं केलं नाही. पाणंदीच्या चिखलातून चालत जाऊन, सारवलेल्या ओट्यावर मांडी घालून बसून, बायकांशी आधी घरच्या गोष्टी बोलून मग ती कामाचं विचारायची. एवढ्या जपून काम करणाऱ्या बाईच्या हातून जे झालं, ते म्हणूनच मला अजून पचत नाही.

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांत शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर खाली उतरायचं. मुलगे उतरत, मुली फारशा नाहीत. वसुधाच्या संस्थेने ठरवलं की काही वाड्यांतल्या मुलींना शाळेला ने-आण करायला जीप द्यायची, तेवढ्याच वाड्यांना द्यायची नाही, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडची तुलना करायची. फरक दिसला की सरकारपुढे ठेवता येईल, सगळ्याच वाड्यांना गाडी मागता येईल. आता कुणाला द्यायची आणि कुणाला नाही? सरपंचाचा वशिला नको, आमदाराचा फोन नको, म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. आणि कुणी मागाहून लबाडी म्हणू नये म्हणून त्या उघड्यावर, सगळ्या वाड्यांच्या लोकांसमोर, देवीच्या देवळात टाकल्या. गुरवाने आपलं तांब्याचं ताम्हण दिलं. एका चिमुरडीने चिठ्ठ्या काढल्या. मी तिथे नव्हते, पण वसुधा त्या दिवशी परस्पर माझ्याकडे आली ती हरखूनच. "अगं, एकानेसुद्धा भांडण केलं नाही! ज्यांची चिठ्ठी निघाली नाही ते नमस्कार करून गुपचूप निघून गेले. एवढा समंजसपणा मी शहरात पाहिला नाही."

तो समंजसपणा नव्हता.

दोन वर्षांनी आकडे आले ते डोळे दिपवणारे. जीपच्या वाड्यांतल्या मुली शाळेत टिकल्या होत्या, बिनजीपच्या वाड्यांतल्या जवळजवळ सगळ्या सुटल्या होत्या. अहवालाचं कौतुक झालं, वसुधा परदेशांतल्या परिषदांना जाऊन आली. सरकारकडून मात्र आश्वासनापलीकडे काही आलं नाही, आणि संस्थेचा निधी संपल्यावर होत्या त्या जीपही थांबल्या. एवढ्यावरच ती कष्टी होती. मग ती बिनजीपच्या एका वाडीत सहज गेली. तिथली सुरेखा नावाची मुलगी तिची लाडकी. जीपबीप काही नसताना ही पोर आणखी दोघी-तिघींना घेऊन पायी खाली शाळेला जायची, पाढे म्हणत. ती घरी शेण गोळा करताना दिसली. वसुधाने तिच्या आईला विचारलं, "हिची शाळा का सोडवलीत?" आईने साधेपणाने सांगितलं, "आता कशी जाईल ताई? देवीनं न्हाई म्हटलं न्हवं."

"देवी कधी काय म्हणाली?"

"आवं, तुमीच तर इचारलंसा. ताम्हणात चिठ्ठ्या टाकल्या, आमची न्हाई निघाली."

त्या भागात लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, लोक देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार आला की तो विषय संपला. माणसानं देवाचा शब्द मोडायचा नसतो. देवळात, गुरवाच्या ताम्हणातून, लेकराच्या हाताने निघालेली चिठ्ठी त्यांनी कौल म्हणूनच घेतली होती. आमच्या पोरींनी शिकू नये असं देवीचं मत पडलं! ज्या पायी जात होत्या त्यांचेही पाय थांबले. म्हणजे अहवालात जो एवढा मोठा फरक दिसत होता, त्यात जीपचा गुण किती आणि आपण केलेलं नुकसान किती, हे वसुधाला सांगता येईना. तिने संस्थेच्या प्रमुखांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आकडे तर खरे आहेत ना? लोकांच्या समजुती हा आपला विषय नाही." तिने तरीही चूक कबूल करणारा लेख लिहिला. कुठल्याशा कोपऱ्यात तो छापून आला. तो पहिला अहवाल अजून लोक दाखल्याला घेतात, हा लेख कुणाला ठाऊक नाही.

मग तिने वाडीची बैठक बोलावली. या वेळी मी सोबत होते. देवळाच्या सभामंडपात उभी राहून ती म्हणाली, "ती चिठ्ठी माझी होती, देवीची नव्हती. चूक माझी आहे. पोरींना शाळेत पाठवा." मग एक म्हातारे गृहस्थ उठले, अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, चिठ्ठी तुमची व्हती, तर देवळात का टाकलीसा?" गुरव भला माणूस. त्याने वाट काढली, "आसं करू. परत कौल लावू. उजवा आला तर पोरी जात्याल. तुमी फकस्त हात जोडून हितं बसा." सगळ्या माना डोलल्या. सुरेखा खांबाला धरून उभी होती, वसुधाकडे एकटक बघत... वसुधा म्हणाली, "नाही. हे मी विचारणार नाही."

परतताना मी तिला फाडफाड बोलले. आमच्या बौद्ध घरातून देव-कौल दोन पिढ्यांपूर्वीच गेले, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण एका पोरीचं आयुष्य सुटत असेल तर दोन हात जोडायला काय जातं? "उजवा आला असता तर?" मी ओरडले. ती म्हणाली, "आणि डावा आला असता तर? आणि उजवा आला असता तरी, पुढच्या पोरीच्या वेळी पुन्हा विचारलं असतं. पोरीनं शिकावं की नाही हा विचारायचा प्रश्नच नाही, कुसुम." तत्त्व म्हणून हे सोळा आणे खरं. पण सुरेखा त्या वर्षी शाळेत गेली नाही, नंतरही नाही, आणि वयात आल्या आल्या वाडीतल्या वाडीत दिली गेली. त्या दिवशी वसुधा चुकली असं मी तिच्या तोंडावर म्हटलं, आणि ती गेल्यावरही माझं मत बदललेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण खोटं तरी कसं बोलावं?

तिने नोकरी सोडली, डोंगराखाली मार्गासनीत रस्त्यालगत एक खोली भाड्याने घेतली आणि वाड्यांतल्या मुलींना तिथे ठेवून शाळेत पाठवायला लागली. पहिली काही वर्षं खोली रिकामीच. मग एक आली, मग आणखी तीन-चार. वसुधा त्यांच्यातच राहायची. तिच्या भाकरी इतक्या जाड की पोरी म्हणायच्या, "ताई, ह्याला पाय लावा, पाट व्हईल." शेवटी पोरींनीच भाकरी थापायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. भेटली की मी विचारायची, "काय गं, आता मोजत नाहीस?" तर नुसती हसायची.

मागच्या आठवड्यात तिच्या भावाबरोबर मी ती खोली आवरायला गेले. पोरी नव्हत्या. घरमालकीण म्हणाली, ताई गेल्यावर वाड्यांनी कौल लावला, पोरींनी खाली राहावं का. डावा आला. सगळ्यांच्या वळकट्या आईबापांनी येऊन नेल्या. भाऊ म्हणाला, "मग किल्ली देऊन टाकू." मी वसुधाच्या खाटेवर बसून राहिले.

इतक्यात दारात सुरेखा आली. डोक्यावर वळकटी, मागे यंदा पाचवीत जाणारी तिची लेक. मी म्हटलं, "अगं, कौल डावा आला ना?"

"आला आसंल. ज्यांनी इचारलं त्येंना आला. म्या देवळात गेलेच न्हाई."

"वाडीत काय म्हणतील?"

"म्हणू द्या. माझ्या वक्ताला सगळ्यांनी समद्यांना इचारलं, मला सोडून. हिला म्या इचारलं. जायचं म्हनती." वळकटी तिने भिंतीशी ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पर येकटी पोर कशी ऱ्हाईल बाई?"

माझे गुडघे धड नाहीत, भोरला घर आहे, मुलगा-सून आहेत. मुलाला विचारावं म्हणून मी पिशवीतून मोबाईल काढला, आणि तसाच परत आत टाकला. भावाला म्हटलं, "किल्ली माझ्याकडे दे." आणि सुरेखाच्या लेकीच्या मदतीने वसुधाची गादी उन्हात टाकायला बाहेर काढली.